गोकर्णाचा वेल : खान्देशातले तुमचे अनुभव लिहा

जळगाव, गच्ची
निळ्या फुलांचं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकणारं झाड आपल्या भागात लावायचं तर माझ्या मते पहिला मान गोकर्णाचा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की वेल पानं टाकतो, वाळल्यासारखा दिसतो, पण मुळात जीव धरून असतो. म्हणून तो उपटू नका. मी होळीनंतर वीतभर खोड ठेवून छाटते, कुंडी भिंतीच्या सावलीत सरकवते आणि माती अगदी कोरडी पडू देत नाही. मृगाच्या सरी आल्या की खालून फुटतो आणि श्रावणात कठडा निळा करून टाकतो. ज्यांच्याकडे वेल आहे त्यांनी बी कसं रुजवलं, उन्हाळा कसा काढला, फुलांचं काय करता, सगळं लिहा.

पारोळा
आमच्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा आधार केलाय. जमीन काळी, पावसात पाणी धरून ठेवणारी, म्हणून वेल उंचवट्यावरच लावायचा. आजी रोज बजावायची, "याले जास्त पानी नको दे, मुया सडी जातीन." तिचं अगदी खरं आहे. दोन-तीन दिवस पाणी साचलं की पानं पिवळी पडतात. पाण्याच्या ताणापेक्षा ओल याला जास्त मारते.

भुसावळ
पाण्यावरून आठवलं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर आणखीच. पानांच्या कडा करपतात.

धुळे, देवपूर
मी शाळेत विज्ञान शिकवते. पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की पाणी गडद निळं होतं. लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी, खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. अँथोसायनिन या रंगद्रव्याचा हा गुण. आम्ल-अल्कली शिकवायला याहून सोपं साधन मला मिळालेलं नाही, आणि मुलं स्वतःच्या अंगणातली फुलं घेऊन येतात याचा आनंद वेगळाच. घरी आम्ही चहासारखं करून पितो. चव जवळजवळ नसतेच, पुदिना घालावा लागतो. बिया मात्र मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, त्या रेचक असतात.

चाळीसगाव
बी कडक कवचाचं असतं. नुसतं पेरलं तर कधी उगवतं, कधी तसंच पडून राहतं. मी पॉलिश पेपरवर हलकं घासते, रात्रभर कोमट पाण्यात भिजवते, आणि जे फुगतं तेच पेरते. जूनमध्ये पेरलं तर दोनेक महिन्यांत फूल. एक फूल एकच दिवस टिकतं, त्यामुळे सकाळीच खुडावं. शेंगा दिसल्या की काढून टाकते, नाहीतर वेल बी धरण्यात गुंततो आणि फुलं कमी होतात. बियाण्यापुरत्या चार शेंगा शेवटी ठेवायच्या. कानबाईच्या रविवारी आमच्या घरी देवीला हीच फुलं असतात. माझ्याकडे एकेरी आणि भरगच्च पाकळ्यांची अशी दोन्ही आहेत. दिसायला दुहेरी सुंदर, पण मला एकेरीच आवडते; तिच्यातला मधला पांढरा-पिवळसर ठिपका उठून दिसतो.

यावल तालुका
शेणखत पुरतं, युरिया देऊ नका. हा शेंगवर्गातला वेल, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. वरून नत्र दिलं की नुसता पाला माजतो. बुंध्याशी मी केळीची वाळलेली पानं पसरतो, उन्हाळ्यात ओल टिकते.

शहादा
कुंपणावर लावायचा असेल तर शेळ्यांपासून जपा. चारा म्हणूनही तो पिकवतात, त्यामुळे त्या सोडत नाहीत. आमचा वेल खालून खाल्ला गेला तरी पुन्हा फुटला, पण त्या वर्षी फुलं उशिरा आली.

जळगाव, गच्ची
पॉलिश पेपरची युक्ती या जूनमध्ये करून बघते. कोरड्या उन्हात पानांवर कोळी (रस शोषणारी बारीक कीड) येतो, त्यावर मी संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारते. कडुनिंबाचं तेल वापरणाऱ्यांनी प्रमाण लिहा. आणि पांढऱ्या गोकर्णाचं बी कुणाकडे जास्तीचं असेल तर सांगा, बदल्यात निळं देईन.