कंजुषी कुठली आणि कर्ज कुठलं

'मॅनेजर वेंगरने पैसे दाबून ठेवले म्हणून आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या ट्रॉफ्या गेल्या' हे तुमचं म्हणणं अर्धंच पटतं. ते पैसे तिजोरीत नव्हते हो, स्टेडियमच्या सिमेंटात होते. हायबरी या जुन्या मैदानात जेमतेम ३८ हजार माणसं बसायची, २००६ला नव्या एमिरेट्स स्टेडियमवर ६० हजार. खर्च सुमारे ३९ कोटी पौंड! हप्ते फेडायचे तर दर वर्षी चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या बड्या क्लबांची, भरपूर पैसा देणारी स्पर्धा) गाठणं भाग. त्याने ते जमवलं, पण फॅब्रेगास, नसरीसारखे खेळाडू गमावून. आणि २०१२ला व्हॅन पर्सी चक्क प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडला विकला. (पुढच्याच मोसमात तो त्यांच्याकडून प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची अव्वल लीग, जिंकला. मला अजून डाचतं ते.)

'आधी जिंका, पैसा आपोआप येईल' म्हणणाऱ्यांनी लीड्स क्लब आठवावा. ऋण काढून सण! पुढच्या कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीवर ६ कोटी पौंडांचं कर्ज उचललं. २००१ला चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, नंतर ती स्पर्धा हुकली आणि सगळं कोसळलं. बचावपटू फर्डिनंड विकला, २००४ला खालच्या लीगमध्ये पदावनती, एलंड रोड हे स्वतःचं मैदानसुद्धा विकावं लागलं. प्रीमियर लीगमध्ये परत यायला २०२० उजाडलं.

वेंगरवर राग काढायचाच तर २०१५च्या उन्हाळ्याबद्दल काढा. तोवर कर्जाचा फास सैल झाला होता, तरी पहिल्या संघासाठी घेतला फक्त गोलकीपर चेक. त्या मोसमात बाकीचे बडे क्लब गडबडले, आर्सेनल दुसरं आलं आणि लीग नेली छोट्या लेस्टर क्लबने.