कोब्यावर सीलर कुठलं मारू? ग्लॉसी, सॅटिन की मॅट

नमस्कार मंडळी,
नाशिकला मखमलाबादकडे घराचं काम शेवटाला आलंय. हॉल आणि पडवीत टाइल्स न लावता कोबाच ठेवलाय, वर अ‍ॅसिड स्टेन (सिमेंटशी क्रिया होऊन रंग धरणारं द्रावण). रंग फार सुरेख उतरलाय, कुठे गुळासारखा, कुठे चिंचेच्या कोळासारखा. आता फक्त सीलर (वरचा पारदर्शक संरक्षक थर) मारायचं राहिलंय आणि तिथेच अडलोय.

ठेकेदाराने कोपऱ्यात दोन पट्टे मारून दाखवले. ग्लॉसी पट्ट्यात रंग ओल्या दगडासारखा खुलला. पण संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि थापीच्या सगळ्या लाटा, झाडूचे ओरखडेसुद्धा दिसायला लागले. मॅटमध्ये यातलं काही दिसत नाही, मात्र रंगच धुरकट झाला, जणू वर राख बसलीय. तीन महिने या रंगासाठी धडपडलोय, तो असा मारवत नाही.

दुसरी काळजी आईची. वय ७४, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दारासमोर काळी माती, पावसाळ्यात ओले पाय थेट पडवीत येणार. ठेकेदार म्हणतो पडवीला इपॉक्सी (कडक रेझिनचा थर) करू. सॅटिनमध्ये, म्हणजे दोन्हींच्या मधल्या चकाकीत, रंग टिकेल का? आणि हॉलला एक, पडवीला दुसरं केलं तर जोड दिसतो का? कोणी स्वतः करून घेतलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १:
मी हेच काम करतो. मॅट आणि सॅटिनमध्ये चकाकी कमी करणारी बारीक पावडर असते आणि ती डब्याच्या तळाशी बसते. डबा तळापासून ढवळला होता का ते आधी विचारा. मॅटचे हात एकावर एक चढवले तरी असाच धुरकटपणा येतो. म्हणून खालचा हात ग्लॉसी घ्या, त्याने रंग खुलतो, आणि शेवटचा एकच हात सॅटिन. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे. लाटा बऱ्याच झाकल्या जातात.

पडवीला इपॉक्सी नको, उन्हाने पिवळं पडतं. आणि मॅट म्हणजे घसरणार नाही असं समजू नका. ओलं झालं की गुळगुळीत थर कुठलाही असो, पाय सटकतो. तिथे शेवटच्या हातात अँटी-स्लिप पावडर घालून घ्या. जोड बरोबर उंबरठ्याखाली घ्या, दिसणार नाही.

सीलरच्या आधी दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवा. खाली दव धरलं किंवा कोबा काळवंडला तर थांबा. ओलीवर सीलर मारलं की पांढरे डाग येतात.

धागाकर्ता:
मनापासून आभार. ठेकेदाराला विचारलं, डबा ढवळला नव्हता. प्लॅस्टिक आत्ताच चिकटवून आलो. उद्या तुम्ही सांगितलं तसा नवा पट्टा मारून घेतो आणि पडवीतल्या नमुन्यावर पाणी ओतून आधी स्वतः अनवाणी चालून बघतो. मगच आईला पाय ठेवू देईन.