पोटॅशियम बाहेर झिरपते, तरी पेशीतले पोटॅशियम संपत का नाही?

कोरा_कागद:

मी जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. चेतापेशीचे विश्रांत विभवांतर, म्हणजे पेशी शांत असताना तिच्या पटलाच्या (आवरणाच्या) आतबाहेरचा विद्युतदाबाचा फरक, सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असते हे पाठ आहे. ते कशामुळे असते, हे मात्र जितके वाचावे तितके गुंतागुंतीचे होत जाते. पुस्तकातील एक परिच्छेद सांगतो की पेशीच्या आतला आणि बाहेरचा द्राव विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, आणि पुढचाच परिच्छेद सांगतो की पेशीची आतली बाजू ऋण असते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी? शिवाय पटलातील पोटॅशियमच्या काही मार्गिका (आयनांना वाट देणारी प्रथिने) विश्रांत अवस्थेतही उघड्या असतील, तर आत १४० आणि बाहेर ४ मिलिमोल प्रतिलिटर हा संहतीतील (द्रावातल्या प्रमाणातील) फरक थोड्याच वेळात पुसला जायला हवा. आम्हाला वर्गात मिळालेले उत्तर एका वाक्याचे होते: "सोडियम-पोटॅशियम पंप तीन धन आयन बाहेर टाकतो आणि दोनच आत घेतो, म्हणून आत ऋण." हे उत्तर पुरेसे आहे का?

उंबरठा:

पंप थोडा वेळ बाजूला ठेवा आणि फक्त पोटॅशियमलाच वाट देणारे पटल डोळ्यांसमोर आणा. संहती आत जास्त असल्यामुळे पोटॅशियम बाहेर जाऊ लागते, पण आत त्याच्या प्रभाराची जोडी पुरवणारी प्रथिने आणि फॉस्फेटयुक्त रेणू यांना त्या वाटेने जाता येत नाही. त्यामुळे बाहेर गेलेला प्रत्येक पोटॅशियम आयन मागे एक बिनजोडीचा ऋणप्रभार ठेवून जातो. हा ऋणप्रभार पोटॅशियमला आत ओढतो, आणि ही ओढ विसरणाच्या रेट्याइतकी झाली की जेवढे आयन बाहेर पडतात तेवढेच आत येऊ लागतात. तो तोल किती विभवांतराला साधेल हे नेर्न्स्टचे समीकरण सांगते: ३७ अंश सेल्सिअसला, तुम्ही दिलेल्या आकड्यांसाठी, सुमारे उणे ९५ मिलिव्होल्ट. विभवांतराचा संबंध पोटॅशियमशी जोडण्याची कल्पना जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ युलियस बर्नस्टाइन यांनी १९०२ मध्येच मांडली होती.

तुमच्या दोन्ही शंकांची गाठ मात्र एका प्रश्नात आहे, आणि तो सहसा कोणी विचारत नाही: हा तोल साधण्यासाठी नेमके किती आयन बाहेर जावे लागतात? २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी घ्या. पटलाची विद्युतधारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड असते, त्यामुळे ७० मिलिव्होल्टचा फरक निर्माण करायला या पेशीला साधारण ५५ लाख आयनांचा प्रभार पुरतो. आकडा मोठा वाटेल, पण त्याच पेशीत पोटॅशियमचे सुमारे ३५ हजार कोटी आयन असतात. म्हणजे ६४ हजारांत जेमतेम एक आयन बाहेर पडला, की विभवांतर तयार. पेशीतली संहती मोजणाऱ्या कोणत्याही नेहमीच्या पद्धतीला एवढा फरक जाणवणार नाही, म्हणून "संहती बदलली नाही" हे विधान व्यवहारात बरोबर ठरते.

उदासीनतेचेही तेच. ते थोडेसे जादा प्रभार द्रावात पसरत नाहीत. ते पटलाच्या दोन्ही पृष्ठांलगत, नॅनोमीटरभर अंतरात, एकमेकांच्या ओढीने चिकटून राहतात, आणि त्यापलीकडचा सगळा द्राव उदासीनच असतो. पटल अवघे ५ नॅनोमीटर जाड असल्यामुळे ७० मिलिव्होल्ट हा क्षुल्लक वाटणारा आकडा तिथे सेंटीमीटरला सुमारे १ लाख ४० हजार व्होल्ट इतके क्षेत्र निर्माण करतो. कोरड्या हवेत ठिणगी पडायला याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी क्षेत्र पुरते.

सातवा_मजला:

उंबरठा यांचे उत्तर नेमके आहे. राहिला पंप, आणि उणे ९५ ऐवजी उणे ७० का, हा हिशेब.

वर्गात मिळालेले वाक्य चुकीचे नाही, पण ते दुय्यम कारणाला मुख्य कारणाच्या जागी बसवते. तीनास दोन या विषम देवाणघेवाणीमुळे विभवांतरात थेट भर पडते ती बहुतेक पेशींत काही मिलिव्होल्टांचीच. १९५५ मध्ये हॉजकिन आणि कीन्स यांनी माकूळ वर्गातील प्राण्यांच्या जाड चेतातंतूंमध्ये पेशीचा ऊर्जापुरवठा विषाने तोडून सोडियम बाहेर टाकण्याची क्रिया जवळजवळ बंद पाडली, तरीही विश्रांत विभवांतर टिकून राहिले आणि संवेदनाही वाहत राहिल्या. पंपाचे खरे काम साठा राखण्याचे आहे: झिरपून गेलेले पोटॅशियम परत आणणे आणि आत आलेले सोडियम बाहेर काढणे. तो कायमचा बंद पडला तर विभवांतरही ओसरते, पण सावकाश. या पंपाचा शोध डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठीचे नोबेल त्यांना मिळायला १९९७ उजाडले.

आता उणे ७०. पटल सोडियमलाही थोडे पार्य असते. पोटॅशियमची पारगम्यता १ धरली आणि सोडियमची ०.०४, व सोडियम बाहेर १४५ आणि आत १२ मिलिमोल घेतले, तर गोल्डमन समीकरण (अनेक आयनांची पारगम्यता एकत्र धरून विभवांतर काढणारे), क्लोराइड सोडून दिले तरी, उणे ७१ च्या आसपास उत्तर देते. हा आकडा स्वतः काढून पाहावा, कारण चार टक्क्यांची गळती २४ मिलिव्होल्ट खाऊन टाकते हे कागदावर दिसले की समीकरण पाठ करावे लागत नाही. या अवस्थेला समतोल म्हणू नये, असा माझा आग्रह आहे. ती स्थिर अवस्था आहे: पोटॅशियम सतत बाहेर जात असते, सोडियम सतत आत येत असते, आणि ही गळती भरून काढण्यासाठी पेशी सतत एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च करत असते.

कोरा_कागद:

दोघांचेही आभार. आकडेमोड केली, उणे ७१ च आले. पण सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान आहे. मोठा जातो त्या वाटेने लहान का जात नाही?

उंबरठा:

कारण मार्गिका ही चाळणी नाही. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले असतात, आणि अरुंद वाटेत शिरण्यासाठी ते सोडावे लागतात, ज्याला बरीच ऊर्जा लागते. पोटॅशियम मार्गिकेच्या सर्वांत अरुंद भागात प्रथिनातील ऑक्सिजन अणू अशा अंतरावर मांडलेले असतात की पोटॅशियमला ते पाण्याच्या जागी नेमके बसतात आणि ऊर्जेची भरपाई होते. सोडियम लहान पडतो. सगळ्या ऑक्सिजन अणूंशी त्याची नीट जवळीक होत नाही, मग पाणी सोडण्याचा सौदा त्याला परवडत नाही. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये एका जिवाणूतील अशा मार्गिकेची रचना क्ष-किरणांनी उलगडली तेव्हा ही मांडणी प्रत्यक्ष दिसली, आणि २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

रात्रपाळी:

मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर आहे. हे समीकरण आमच्याकडे रोज वापरात असते, फक्त कोणी ते लिहीत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे रक्तातील पोटॅशियम ४ वरून ८ वर गेले, की नेर्न्स्टच्या हिशेबाने उणे ९५ चे उणे ७६ होते. हृदयाच्या स्नायुपेशींचे विश्रांत विभवांतर मुख्यतः पोटॅशियमवरच ठरत असल्यामुळे त्या अर्धवट उत्तेजित अवस्थेत अडकतात, त्यांच्या सोडियम मार्गिका निष्क्रिय होऊ लागतात आणि ठोक्यांची लय बिघडते. अशा वेळी आधी शिरेतून कॅल्शियम देतात. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदय काही काळ सावरते. पाठोपाठ ग्लुकोजसह इन्सुलिन देतात, कारण इन्सुलिन वर चर्चिलेल्या त्याच पंपाचा वेग वाढवून पोटॅशियम पेशींच्या आत ढकलते. मात्र ते शरीरातच राहते. बाहेर काढायचे काम शेवटी मुख्यतः लघवीवाटे किंवा डायलिसिसने होते.