तेराव्यानंतरचे दिवस : लिहिण्याचे, शिवण्याचे, रचण्याचे अनुभव

आपल्याकडे मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांना विधींची चौकट असते. तेरावा झाला की पाहुणे आपापल्या गावी परततात आणि पुढच्या रिकाम्या दुपारी कशा काढायच्या हे कोणी सांगत नाही. त्या काळात ज्यांनी काही लिहिले, शिवले, रचले किंवा करून पाहून सोडून दिले, त्यांनी इथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

'लिहा, म्हणजे मन हलके होईल' असा सरसकट सल्ला मात्र नको. जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. त्यात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहिले, आणि ज्यांनी घटना व भावना दोन्ही लिहिल्या त्यांना पुढील काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. पण लिहून उठताना तेच विद्यार्थी अधिक खिन्न होते, हा भाग सहसा गाळला जातो. शिवाय मार्गारेट स्ट्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली खास शोकग्रस्तांचाच अभ्यास मांडला, तेव्हा भावना व्यक्त केल्याने सावरणे लवकर होते, असे त्यांना आढळले नाही. म्हणूनच कोणाला काय मानवले, हे ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकायचे आहे.

सांगलीहून, एक लेक

आई गेल्यावर तिच्या ओव्या उतरवून घ्यायच्या, असे मी ठरवले. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्या जमवण्याच्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या हे मला ठाऊक होते, पण त्यांत माझ्या आईचा आवाज नव्हता. वही घेऊन मावशीसमोर बसले, तर तिला एकही ओवी धड आठवेना. शेवटी तिने माळ्यावरचे जाते खाली काढायला लावले. रिकामे जाते ओढू नये म्हणून मूठभर ज्वारी घातली, खुंट्याला हात लावला, आणि दोन फेऱ्यांत पहिली ओवी आली. पुढे पीठ पडत राहिले, मावशी गात राहिली आणि मी लिहीत राहिले. मध्येच ती थांबून म्हणाली, "ही तुझ्या आईची नव्हं, माझी हाय, पन ऱ्हाऊ दे." त्या दुपारी आम्ही दोघी रडलो, तशा तेराव्यापर्यंत रडलो नव्हतो. वहीत आता आईच्या कोणत्या आणि मावशीच्या कोणत्या, हे मलाही सांगता येत नाही, आणि ते वेगळे काढण्याची गरजही मला वाटत नाही.

नागपूरहून, न्यायालयातील निवृत्त लिपिक

माझी पत्नी २०२१ च्या मे महिन्यात कोविडने गेली. रुग्णालयातून दिवसाकाठी एक फोन यायचा, तोही कधी चुकायचा. अंत्यदर्शन झाले नाही. मुलीने डायरी आणून दिली, पण भावना लिहायला मला येत नाहीत. मला जबाब लिहिता येतो, म्हणून मी जबाब लिहिला : ताप कधी आला, चाचणी कधी झाली, खाटेसाठी कोणाकोणाला फोन केले, डॉक्टर त्या वेळी नेमके काय म्हणाले. 'आपण उशीर तर केला नाही ना' हा प्रश्न तोवर रात्री डोक्यात गोल फिरत असे. तारखा एकाखाली एक आल्यावर दिसले की जे आज कळते ते त्या दिवशी आम्हाला कळण्याचा मार्गच नव्हता. प्रश्न पूर्ण सुटला असे म्हणणार नाही, पण झोप लागू लागली.

साताऱ्याजवळच्या गावातून (आत्याने सांगितले, भाचीने टंकले)

मला लिहिणे जमत नाही. सासूबाई गेल्यावर त्यांच्या लुगड्यांची मी वाकळ शिवली. मेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणून जावेने हरकत घेतली, पण मी ऐकले नाही. मामंजींचे धोतर आतल्या थराला घातले, लुगड्यांचे काठ उसवून कडेला लावले आणि धावदोऱ्याने कडेकडून मध्याकडे शिवत गेले. एका काठावर हळदीचा डाग होता, तो मुद्दाम वरच्या बाजूला आणला. माणूस शिवताना फार विचार करू शकत नाही, टाका वाकडा जातो. मला तेवढेच पुरले.

समुपदेशक म्हणून एक भर

सहा महिने, वर्ष उलटूनही जेवण-झोप बिघडलेली असेल, किंवा कधीही जगणे नको वाटले, तर वही आणि सुई यांवर विसंबू नये. १४४१६ हा 'टेली मानस' या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

पुण्याहून, धाकटी बहीण

माझा अनुभव थोडा उलटा आहे. भावाच्या मृत्यूनंतर मी कविता लिहिल्या, त्या एका काव्यवाचनात वाचल्या आणि लोकांना आवडल्या. मग पुढच्या कार्यक्रमात 'भावावरची ती कविता' अशी फर्माईश येऊ लागली. कोणत्या ओळीवर सभागृह शांत होते हे मला कळू लागले आणि नकळत मी त्या ओळीआधी थांबू लागले. त्या दिवसापासून वाचणे बंद केले. लिहिणे चालू आहे, पण ते कोणाला दाखवत नाही. नागपूरच्या काकांना विचारायचे आहे : तुमचा जबाब घरात कोणी वाचला का?

नागपूरहून, उत्तर

मुलीने वाचला. तिने दोन तारखा दुरुस्त केल्या आणि आईशी तिचे फोनवर शेवटचे जे बोलणे झाले, त्याचे एक पान स्वतःच्या अक्षरात लिहून मागे जोडले. त्या फोनविषयी मला तोवर माहीतच नव्हते.