कार्यारंभ आदेश हाती आला, म्हणजे रस्ता खोदायची परवानगी मिळाली काय?

प्रश्न (लहान कंत्राटदार, यवतमाळ जिल्हा)
आमच्या नगरपंचायतीकडून मला सुमारे 600 मीटर नळवाहिनीचे काम मिळाले असून कार्यारंभ आदेशही हाती आला आहे. वाहिनी बाजार चौकातून निघते, बसस्थानकासमोरचा डांबरी रस्ता ओलांडते आणि पुढे शाळेच्या कुंपणालगत जाते. जेसीबी ठरवून ठेवला आहे. परंतु तेथील पानठेलेवाल्याने ‘हा रस्ता नगरपंचायतीचा नाहीच’ असे सांगितल्यापासून मी थांबलो आहे. कोणाकोणाची परवानगी घ्यावी लागेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त शाखा अभियंता, अमरावती)
पानठेलेवाल्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. कार्यारंभ आदेश हा तुम्ही आणि नगरपंचायत यांच्यातील कामाचा कागद आहे. रस्ता दुसऱ्याचा असेल तर तो फोडण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग साधारणतः जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात, आणि असा रस्ता गावातून गेला म्हणून आपोआप नगरपंचायतीचा होत नाही. म्हणून आधी रस्त्याचा क्रमांक आणि मालकी लेखी विचारा. सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाल्यास नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांच्या पत्रासह त्या विभागाच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या. त्यासोबत नकाशा, चारीची (पाइपसाठी खोदायच्या चराची) लांबी, रुंदी, खोली आणि कामाचे दिवस नमूद करा. रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम आणि अनामत कोणी भरायची, हे निविदेत पाहून ठेवा, कारण पुढे वाद त्यावरूनच होतो.

चारी दीड मीटरपेक्षा खोल जात असेल तर बाजूंना आधार द्यावा लागतो. उपसलेली माती काठापासून निदान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांपैकी जे जास्त असेल तेवढी दूर टाकायची असते. काळ्या मातीत हे अधिकच पाळावे; कोरडी असताना ती भिंतीसारखी उभी राहते आणि एका सरीने खाली येते.

उत्तर (केबलचे काम करणारा, वाशीम)
वरील उत्तरात एक भर घालतो. खोदण्यापूर्वी ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपवर जागा आणि तारीख नोंदवावी. केंद्राने 22 मार्च 2023 रोजी सुरू केलेल्या या ॲपवरून त्या जागेखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत अशा नोंदणीकृत संस्थांना सूचना जाते. दूरसंचार अधिनियम, 2023 मध्ये दूरसंचार वाहिनीचे नुकसान करणाऱ्यावर भरपाईशिवाय 50 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तेव्हा ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर महाग पडू शकते. तरीही ॲपवर विसंबून जेसीबी लावू नका. फायबर (दूरसंचाराची जमिनीखालील केबल) 1.65 मीटर खोल असावी असे मानक आहे, पण आमच्या एका कामात खाली खडक लागल्याने आधीच्या माणसाने ती जेमतेम दीड फुटावर सोडली होती आणि बकेटला नारिंगी नळी लागल्यावरच आम्हाला ते कळले. महावितरण आणि दूरसंचार कंपनीच्या माणसांना जागेवर बोलावून, आधी दोन-तीन ठिकाणी हाताने खड्डे घेऊन पाहा.

उत्तर (माजी ग्रामपंचायत सदस्य, दारव्हा परिसर)
परवानगीच्या अटींत चारी भरण्याची पद्धत लिहून घ्या, ही विनंती. आमच्याकडे उन्हाळ्यात चारीत तीच काळी माती लोटून वर मुरूम पसरला होता. पहिल्याच पावसात पूर्ण लांबीभर नाली पडली आणि कापसाची बंडी आसापर्यंत रुतली. थराथराने पाणी मारून आणि दाबून भरल्याशिवाय देयक मंजूर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आज चौकशी केली. रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग निघाला. डांबर न फोडता खालून पाइप ढकलून नेण्याचा पर्याय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांनी सुचवला आहे, परंतु आमच्या अंदाजपत्रकात ती बाबच नाही. उद्या मुख्याधिकाऱ्यांना त्याविषयी पत्र देतो. जेसीबीवाल्याला तूर्त येऊ नको असे सांगितले आहे.