ऑफर लेटर खरं की बनावट, पैसे भरण्याआधी कसं ओळखायचं?

पहाटवारा
नावाजलेल्या, खरोखर अस्तित्वात असलेल्या कंपनीचं ऑफर लेटर मेलवर आलंय. लोगो, सही, शिक्का सगळं जागेवर. मुलाखत फक्त चॅटवर, अर्ध्या तासात उरकली. आता ‘पार्श्वभूमी पडताळणी’साठी रक्कम भरा, पहिल्या पगारात परत मिळेल म्हणतात. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत. साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतं. नेमकं काय तपासू?

तिरका डोळा
आधी एक, पैसे भरू नका. पडताळणी कंपनीला हवी असते, खर्चही तिचाच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करारसुद्धा खासगी भरती एजन्सींनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये असंच सांगतो. अपवाद मोजके आहेत. ‘परत मिळेल’ हा शब्द फक्त हात सैल व्हावा म्हणून.

लोगो आणि शिक्का विसरा, ते कंपनीच्याच साइटवरून उचलता येतात. मेलचा पत्ता वाचा, आणि @ नंतरचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. कंपनीचं डोमेन ‘अबक.कॉम’ असेल तर ‘करिअर.अबक.कॉम’ तिचंच. पण ‘अबक-करिअर.कॉम’ किंवा ‘अबक.नोकरी-पोर्टल.कॉम’ कोणीही विकत घेऊ शकतो. रोमन ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की ‘एम’ भासतो, छोटा ‘एल’ आणि मोठा ‘आय’ तर कित्येक फॉन्टमध्ये जुळे भाऊ. पत्ता कॉपी करून दुसऱ्या फॉन्टमध्ये मोठा करून बघा. मग रिप्लाय दाबा (पाठवू नका) आणि उत्तर कुठल्या पत्त्यावर जाणार ते पाहा. पाठवणारा एक आणि उत्तराचा पत्ता फुकटच्या मेलसेवेचा, ही नेहमीची खूण.

शेवटी आयकॅनच्या (डोमेन नावांचा कारभार पाहणारी संस्था) लुकअप पानावर ते डोमेन टाका. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, नोंदणीची तारीख मात्र दिसते. कंपनी वीस वर्षं जुनी आणि डोमेन तीन आठवड्यांचं, तर आणखी काय हवं?

गाठनिरगाठ
वरच्याला पुरवणी. काही खऱ्या कंपन्या भरतीसाठी बाहेरची सॉफ्टवेअर सेवा वापरतात, त्यामुळे वेगळं डोमेन म्हणजे हमखास खोटं असं नाही. उलट, कुलूप म्हणजे खरं असंही नाही. त्याचा अर्थ इतकाच की तुमच्या आणि सर्व्हरच्या मधला मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट नावाची सेवा डोमेन असलेल्या कोणालाही फुकट देते. मेलच्या हेडरमधल्या (मेलसोबतची तांत्रिक नोंद) एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या, मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का ते पाहणाऱ्या चाचण्यांचंही तसंच: चोराने स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवला तर तिन्ही ‘पास’ येऊ शकतात.

म्हणून शेवटचा निकाल फोनवर. कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा, तिथला मुख्य क्रमांक लावा, मनुष्यबळ विभाग मागा. लेटरवरच्या क्रमांकावर फोन करणं म्हणजे चोरालाच विचारणं. आणि ‘अमुक व्यक्ती तुमच्याकडे काम करते का?’ एवढंच विचारू नका. खऱ्या कर्मचाऱ्याचं नाव वापरलेलं असतं, उत्तर ‘हो’च येईल. ‘या पदासाठी, या तारखेला, माझ्या नावाने ऑफर काढली आहे का?’ असं विचारा.

दुसरी चावी
सुरुवातीला पैसे न मागणारे फसवणुकीचे प्रकार जास्त फसवे. लॅपटॉप घ्यायला चेक पाठवतात, उरलेली रक्कम ‘विक्रेत्याला’ वळती करायला सांगतात. काही बँका चेक वटण्याआधीच रक्कम खात्यात दाखवतात. तो नंतर परत आला की भरपाई तुमच्या माथी.
दुसरा प्रकार: व्हिडिओंना लाइक द्या, रेटिंग द्या. सुरुवातीला थोडे पैसे खरंच मिळतात. मग ‘पुढचा टप्पा उघडायला’ जमा करा. पडद्यावरची वाढती शिल्लक म्हणजे वेबपानावर छापलेला आकडा, बस्स.
तिसरा: तुमच्या खात्यावर पैसे घेऊन पुढे पाठवायचे. ते चोरीचे असतात, खातं गोठतं आणि चौकशी तुमची होते.
प्रोग्रॅमरांसाठी वेगळी सूचना: ‘चाचणी’ म्हणून दिलेला कोड स्वतःच्या मशीनवर चालवू नका. २०२३ पासून ‘कंटेजियस इंटरव्ह्यू’ नावाने ओळखला जाणारा प्रकार हाच. वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडा.

पहाटवारा
पैसे भरत नाही. पण ओळखपत्राची प्रत आणि खाते क्रमांक आधीच पाठवलाय. आता?

गाठनिरगाठ
नुसत्या खाते क्रमांकावरून सहसा पैसे काढता येत नाहीत. पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर आत्ता बँकेला फोन, मग बाकी. ओळखपत्राचा धोका वेगळा, त्यावर तुमच्या नावाने कर्ज किंवा खातं उघडलं जाऊ शकतं. पुढचे काही महिने क्रेडिट अहवाल तपासत राहा. खात्यात अनोळखी रक्कम आली तर कोणी कितीही गयावया केली तरी स्वतः परत करू नका, बँकेला कळवा.

मेल पुसू नका. स्क्रीनशॉटवर भागवू नका, मूळ मेल हेडरसकट फाइल म्हणून उतरवा आणि चॅट एक्स्पोर्ट करा. तक्रारीला तेच लागतं. यानंतर ‘तुमची माहिती परत मिळवून देतो’ म्हणत कोणी शुल्क मागितलं, तर ती बहुधा त्याच टोळीची दुसरी फेरी.