जुनिपर बोन्साय पिवळे पडत आहे

प्रश्न : कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या गच्चीवरच्या जुनिपरची (कुंडीत खुजे वाढवलेल्या सूचिपर्णी झाडाची) पालवी जुलैच्या संततधारेनंतर पिवळी पडू लागली आहे. खताची कमतरता असेल का?

उत्तर : खत तूर्त देऊ नये. केवळ आतली जुनी पालवी पिवळी असेल, तर ती नैसर्गिक गळ असू शकते. परंतु शेंडेही फिकटले असतील, तर मुळे तपासावीत, कारण काळी, मऊ, कुबट वासाची मुळे म्हणजे कूज होय, आणि सूचिपर्णी झाडांत तिची लक्षणे पानांवर फार उशिरा उमटतात.

दुसरे उत्तर : फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी, हलणारे ठिपके दिसल्यास लाल कोळी (पानांतील रस शोषणारी बारीक कीड) समजावा. अर्थात, तो बहुधा कोरड्या हवेतला उपद्रव.

प्रश्नकर्ता : मुळे काळीच निघाली.

उत्तर : कुजलेला भाग कापून विटांचा चुरा व जाड वाळूच्या मिश्रणात लावावे. पावसापासून आडोसा द्यावा, मात्र घरात ठेवू नये.